डोंगरातली गोष्ट आणि तिचे मालक

२७ ऑक्टोबर १८९३ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, वाइज नावाच्या डोंगरी गावात, डॉक टेलर नावाचा माणूस फासावर चढला. जडीबुटीचा वैद्य, धर्मोपदेशक आणि हातभट्टीवाल्यांच्या मागावर असणारा सरकारी मार्शल या तिन्ही भूमिका तो एकट्याने निभावत असे. लोक त्याला ‘रेड फॉक्स’ म्हणत. आदल्या वर्षी मे महिन्यात पाऊंड गॅप या खिंडीत आयरा मलिन्स नावाच्या हातभट्टीवाल्याच्या बिऱ्हाडावर दबा धरून गोळीबार झाला होता. त्यात पाच जण मेले आणि आळ टेलरवर आला. फासाकडे जाताना त्याने पांढरे कपडे घातले होते, आणि तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा उठू असं सांगून ठेवलं होतं, अशी आठवण त्या भागात अजून सांगितली जाते. तिसऱ्या दिवशी काही झालं नाही. पंधरा वर्षांनी मात्र तो एका कादंबरीत अवतरला.

ती कादंबरी जॉन फॉक्स धाकटे यांची ‘द ट्रेल ऑफ द लोनसम पाइन’. १९०८ साली आली आणि तडाखेबंद खपली. लेखक केंटकीच्या सपाट, सधन भागातला, हार्वर्डचा पदवीधर. कोळशा-लोखंडाची तेजी येणार म्हणून त्याच्या घरच्यांनी बिग स्टोन गॅपला बस्तान हलवलं आणि तोही तिथे आला. गावात कायदा राखायला उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी पथकात तो होता, वाइजच्या एका फाशीच्या वेळी पहाऱ्यावरही होता. कादंबरीतला नायक असाच बाहेरून आलेला तरुण इंजिनिअर. डोंगरातली जून टॉलिव्हर त्याच्या प्रेमात पडते, तो तिला शहरात शिकायला पाठवतो आणि ती ‘सुधारते’. १९३६ मध्ये यावर हेन्री फोंडाचा रंगीत सिनेमा निघाला. १९६४ पासून बिग स्टोन गॅपचे रहिवासी दर उन्हाळ्यात उघड्यावर तिचं नाटक करत आले आहेत. काम करणारी मंडळी गावचीच, हौशी.

मग १९७६ साली खिंडीपलीकडच्या केंटकीतल्या व्हाइट्सबर्गमधून ‘रेड फॉक्स / सेकंड हँगिन’ नावाचं नाटक आलं. रोडसाइड थिएटरच्या तीन कथेकऱ्यांनी तीच फाशी पुन्हा सांगायला घेतली. आधाराला कोर्टाची कागदपत्रं, जुनी वर्तमानपत्रं आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी होत्या. त्यांच्या गोष्टीत टेलर नुसता खलनायक उरत नाही. कोळशाचा पैसा डोंगरात शिरत होता त्या वर्षांत खटले कोण चालवत होतं आणि कुणाच्या सोयीने, असा प्रश्न ते नाटक विचारतं.

अ‍ॅपलाचियाच्या नाटक-कथाकथनाची सगळी मेख या दोन प्रयोगांमधल्या अंतरात आहे. गोष्ट त्याच मातीतली, सादर करणारेही तिथलेच, पण एका ठिकाणी ते बाहेरच्या माणसाने रंगवलेलं आपलं चित्र उभं करतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्या चित्राची उलटतपासणी घेतात. पहिल्याला भाबडं आणि दुसऱ्याला अस्सल म्हणून मोकळं होता येत नाही. बिग स्टोन गॅपच्या नाटकात पिढ्यान् पिढ्या कामं करणाऱ्यांना ते आपलंच वाटतं आणि त्यांचं वाटणं खोटं नाही. तरीही फरक उरतोच, आणि या विषयात शिरणाऱ्या वाचकाने तो नजरेआड करू नये.

अ‍ॅपलाचिया हे कुठल्या राज्याचं नाव नाही. न्यूयॉर्कच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तरेपर्यंत तिरकी उतरणारी ही डोंगररांग. १९६५ साली तिच्या विकासासाठी केंद्र सरकारने आयोग नेमला. आज त्याच्या कक्षेत तेरा राज्यांमधल्या ४२३ काउंट्या येतात. पण लोकांच्या बोलण्यात अ‍ॅपलाचिया म्हटलं की समोर येतो तो मधला पट्टा: पूर्व केंटकी, नैऋत्य व्हर्जिनिया, पूर्व टेनेसी, पश्चिम नॉर्थ कॅरोलिना आणि अख्खं वेस्ट व्हर्जिनिया. अरुंद घळी, ओढ्याकाठची घरं, कोळशाच्या खाणी, छोटी चर्चेस.

या पट्ट्याबद्दल लिहिण्याची खोड अमेरिकन मासिकांना यादवी युद्धानंतर लागली. विचित्र देश, चमत्कारिक माणसं, असा सूर १८७३ च्या एका गाजलेल्या लेखाने लावला आणि तो पुढे कधी सुटलाच नाही. १९३४ पासून ‘लिल अ‍ॅब्नर’ ही चित्रमालिका रोज वर्तमानपत्रात डोंगरी माणसाची टिंगल करत होती. १९६२ ते ७१ या काळात ‘बेव्हर्ली हिलबिलीज’ने तेच काम टीव्हीवर केलं. १९७२ च्या ‘डिलिव्हरन्स’ने टिंगलीच्या जागी भीती आणून ठेवली. मधल्या काळात १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन केंटकीतल्या एका गरीब घराच्या ओसरीवर जाऊन बसले, गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं, आणि कॅमेरे घेऊन माणसांची रीघ लागली. सहानुभूतीने आलेल्यांचा कॅमेराही टोचतोच. १९६७ मध्ये लेचर काउंटीत ह्यू ओ’कॉनर या कॅनेडियन चित्रपटकाराला एका जमीनमालकाने गोळी घातली. त्याच्या जागेत भाड्याने राहणाऱ्या खाण कामगाराचं चित्रण चालू होतं. त्याच भागात वाढलेल्या एलिझाबेथ बॅरेट यांनी २००० साली या घटनेवर ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ हा माहितीपट केला. खुनाचं समर्थन न करता, पण कॅमेऱ्यामागच्या माणसालाही सहज न सोडता.

खाणकंपन्यांनी या डोंगरांत एक चलाख खरेदीखत रूढ केलं होतं. वरची जमीन शेतकऱ्याकडेच राहायची, पोटातलं खनिज मात्र कंपनीच्या नावावर जायचं, आणि ते काढायला काय वाटेल ते करण्याची मुभाही. केंटकीने १९८८ साली घटनादुरुस्ती करून त्याला वेसण घातली. डोंगरातल्या गाण्या-गोष्टींचे व्यवहारही थेट याच वळणाने झाले. गाणारा गात राहिला, हक्क दुसऱ्याच्या कपाटात गेला.

गंमत म्हणजे या भागातलं सर्वांत नावाजलेलं नाट्यगृह एका सरळ, रोकड्या सौद्यावर उभं राहिलं. मंदीचा काळ. रॉबर्ट पोर्टरफिल्ड हा व्हर्जिनियाच्या डोंगरातला तरुण न्यूयॉर्कमध्ये नट म्हणून धडपडत होता. काम नव्हतं, पोटाला नव्हतं. आपल्या गावाकडे पिकलेलं विकलं जात नाही आणि इथे नट उपाशी, हे त्याच्या ध्यानात आलं. बेकार नटांची टोळी घेऊन तो अ‍ॅबिंग्डनला परतला आणि १० जून १९३३ रोजी बार्टर थिएटरचा पडदा वर गेला. तिकीट चाळीस सेंट, किंवा तेवढ्याच किमतीचा शेतमाल. भाजी, अंडी, कोंबड्या, लोणी, डुकराचं खारवलेलं मांस. बहुतेक प्रेक्षक मालच घेऊन येत. गाय घेऊन आलेल्या माणसाचा किस्सा तिथे अजून सांगतात. त्याने दारातच एका तिकिटापुरतं दूध काढून दिलं. बायकोच्या तिकिटाचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, तिचं दूध ती काढेल. पहिल्या हंगामाअखेर शिल्लक राहिली ती चार डॉलर पस्तीस सेंट, जेलीची दोन पिंपं, आणि नटमंडळींच्या अंगावर सगळ्यांचं मिळून तीनशे पौंडांहून अधिक वाढलेलं वजन. नाटककारांना मानधन म्हणून हॅम पाठवलं जाई. नोएल कॉवर्ड, थॉर्नटन वाइल्डर यांनी ते स्वीकारलं. शाकाहारी बर्नार्ड शॉने पालक मागितला. छपरावर गावच्या अग्निशामक दलाचा भोंगा होता. तो ओरडू लागला की नट आहेत त्या पवित्र्यात थिजून उभे राहत आणि भोंगा थांबल्यावर पुढचं वाक्य म्हणत.

१९४६ मध्ये व्हर्जिनियाने बार्टरला राज्य नाट्यगृहाचा मान दिला. ग्रेगरी पेक, पॅट्रिशिया नील, अर्नेस्ट बोर्गनाइन इथल्या रंगमंचावरून पुढे गेले. एवढं सगळं खरं, पण प्रेक्षकांनी आपल्या शेतातलं जे दिलं त्याच्या बदल्यात त्यांना मिळालं ते मुख्यतः न्यूयॉर्क-लंडनचं नाटक. डोंगराची स्वतःची गोष्ट रंगमंचावर यायला बराच वेळ लागला. आता तिथे अ‍ॅपलाचियन नाटककारांच्या नव्या संहितांचा स्वतंत्र महोत्सव भरतो.

महोत्सवांची कुळकथा याहून गुंतागुंतीची आहे. १९२८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये बॅस्कम लमार लन्सफर्ड या वकिलाने डोंगरी नाच-गाण्यांचा मेळा सुरू केला. लन्सफर्ड स्वतः बँजो वाजवणारा, खेड्याखेड्यांतून शेकडो गाणी तोंडपाठ करून आलेला. त्याच्या मेळ्याची वेळ घड्याळावर नसे, सूर्य मावळायच्या सुमाराला सुरू होई. वादक आणि नाचे ओळखीपाळखीतून यायचे, आणि लन्सफर्ड त्यांना पाहुण्यांसारखं वागवायचा. पुढे १९३४ मध्ये सारा गर्ट्रूड नॉट यांनी सेंट लुइसला राष्ट्रीय लोकमहोत्सव उभा केला. त्याची प्रेरणा हीच.

व्हर्जिनियातल्या व्हाइटटॉप पर्वतावरचा महोत्सव मात्र वेगळ्या जातीचा. १९३१ ते १९३९ या काळात तो भरला. १९३३ च्या ऑगस्टमध्ये एलिनॉर रूझवेल्ट आल्या तेव्हा हजारो माणसं डोंगर चढून आली. पण कुठलं गाणं ‘खरं’ हे ठरवायला बसलेल्यांत जॉन पॉवेल होते: रिचमंडचे पियानोवादक, संगीतकार, अँग्लो-सॅक्सन क्लबांचे संस्थापक आणि व्हर्जिनियाच्या १९२४ च्या वंशशुद्धी कायद्यामागचे एक प्रमुख हात. डोंगरातलं संगीत म्हणजे इंग्रजी रक्ताचा निर्मळ वारसा, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यामुळे कृष्णवर्णीय वादकांना व्हाइटटॉपवर जागा नव्हती. ज्या बँजोशिवाय त्या मेळ्याचं पान हललं नसतं तो बँजो गुलामांबरोबर आफ्रिकेतून आला, ही साधी गोष्ट आयोजकांच्या गणितात बसत नव्हती. डेव्हिड व्हिस्नंट यांनी १९८३ च्या ‘ऑल दॅट इज नेटिव्ह अँड फाइन’ या पुस्तकात हा सगळा व्यवहार उलगडला. तेव्हापासून जाणत्या माणसाला ‘अस्सल’ या शब्दाशी सावधपणे वागावं लागतं.

चेरोकींची कथाही अशीच दुसऱ्याच्या हाती गेली. १८३८ साली सैन्याने त्यांना या डोंगरांतून पश्चिमेकडे हाकललं. थोडे मागे राहिले. त्यांच्या वंशजांच्या गावात १९५० पासून ‘अंटू दीज हिल्स’ हे भव्य खुलं नाटक होऊ लागलं. लाखो पर्यटकांनी ते पाहिलं. लेखक कर्मिट हंटर गोरे, आणि वर्षानुवर्षं प्रमुख चेरोकी भूमिका करणारे नटही गोरे. २००६ साली कायोवा नाटककार हॅने गायोगामा यांच्याकडून संहिता नव्याने लिहून घेतली गेली, तेव्हा हे नाटक छप्पन्न वर्षांचं झालं होतं.

कथाकथनाकडे वळलं की वाट नॉर्थ कॅरोलिनातल्या बीच माउंटनवर येते. हिक्स, वॉर्ड, हार्मन ही तिथली एकमेकांत सोयरीक असलेली घराणी. त्यांच्याकडे ‘जॅक’च्या गोष्टींचा साठा. घेवड्याच्या शेंगा वाळवण्यासाठी दोऱ्यात ओवायच्या असत. पोरांनी कामावरून उठू नये म्हणून म्हातारी माणसं गोष्ट लावून देत. जॅक इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेला असला तरी डोंगरात पुरता मुरलेला. सर्वांत धाकटा, निष्कांचन, आळशी वाटणारा, पण वेळेवर डोकं चालवणारा. त्याच्या गोष्टीतला राजाही इथलाच. सिंहासन वगैरे काही नाही. जॅक कुंपणाशी उभा राहून हाक मारतो, राजा ओसरीवर येतो आणि जमीन साफ करायचं काम देतो. महालाची कल्पना करायला पाहिलेला महाल लागतो.

रिचर्ड चेस यांनी १९४३ साली या गोष्टी ‘द जॅक टेल्स’ नावाने छापल्या आणि त्या अमेरिकेतल्या शाळांमध्ये पोचल्या. चेस यांनी अनेक सांगणाऱ्यांच्या गोष्टी जोडून, स्वतःच्या वाक्यांत बसवून दिल्या. पुस्तकावर नाव चेस यांचं राहिलं. अभ्यासकांनी नंतर याबद्दल त्यांना बरंच फैलावर घेतलं, आणि ते योग्यच झालं. पण त्या पुस्तकावाचून जॅक बीच माउंटनखाली उतरला असता का, हेही छातीठोकपणे सांगवत नाही.

त्या घराण्यांतला रे हिक्स हा माणूस पुस्तकाच्या पलीकडचा होता. १९२२ चा जन्म, साडेसहा फुटांच्या वर उंची, अंगात कायम कामाचा डगला. रानातली मुळं-पाला गोळा करून विकायचा आणि जॅकच्या गोष्टी सांगायचा. त्या अशा, की ऐकणाऱ्याला जॅक कुठे संपला आणि रे कुठे सुरू झाला ते कळत नसे. आपणच जॅक आहोत असं तो खुशाल म्हणे. त्याची बोली इतकी जुनी होती की भाषेचे अभ्यासक तिच्यासाठी डोंगर चढून येत. १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा पुरस्कार मिळाला. तोवर त्याच्या डोंगरावर स्कीइंगचं रिसॉर्ट होऊन वर्षं लोटली होती. २००३ साली तो गेला.

रे हिक्सला देशासमोर नेलं ते टेनेसीतल्या जोन्सबरो गावाने. १७७९ साली वसलेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं गाव १९७० च्या सुमाराला मरगळलं होतं. जिमी नील स्मिथ हे तिथल्या हायस्कुलात पत्रकारिता शिकवत. एकदा विद्यार्थ्यांबरोबर गाडीतून जाताना रेडिओवर जेरी क्लॉवर या विनोदी कथेकऱ्याची शिकारीची गोष्ट लागली, आणि असे सांगणारे आपल्या गावात का आणू नयेत असं त्यांच्या मनात आलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये कोर्टाजवळ गवताची गाडी उभी करून तिच्यावरून गोष्टी सांगितल्या गेल्या. ऐकायला साठेक माणसं. आज ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आगेमागे हजारो श्रोते येतात, गावभर मोठाले तंबू लागतात, आणि देशात कथाकथन हा पोटापाण्याचा व्यवसाय होऊ शकतो तो बऱ्याच अंशी या उत्सवामुळे. रे हिक्स तिथे पहिल्या वर्षापासून जवळजवळ दरवर्षी जात राहिला.

शेंगा ओवताना सांगितलेली गोष्ट आणि तिकीट काढून हजार जणांनी ऐकलेली गोष्ट, यांत काहीतरी निसटतं. तंबूतल्या माणसाला टाळ्यांसाठी थांबावं लागतं, मिनिटं मोजावी लागतात. वेस्ट व्हर्जिनियाच्या राजधानीत होणाऱ्या व्हँडेलिया मेळ्याने यावर तोडगा काढला तो थापाड्यांच्या स्पर्धेचा. राज्याच्या विधानभवनाच्या आवारात जो सर्वांत मोठी थाप मारेल त्याला सोनेरी फावडं बक्षीस. फावडं कशासाठी, हे त्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता पुन्हा रोडसाइडकडे. व्हाइट्सबर्गमध्ये १९६९ साली गरिबीविरोधी योजनेच्या पैशातून तरुणांना फिल्म शिकवणारी कार्यशाळा सुरू झाली. हेतू असा की पोरांनी धंदा शिकावा आणि शहरात जाऊन नोकरी करावी. पोरं गेली नाहीत. त्यांनी कॅमेरे आपल्याच आजी-आजोबांवर रोखले आणि त्यातून अ‍ॅपलशॉप ही संस्था घडली. १९७५ मध्ये तिच्यात रोडसाइड थिएटर जन्माला आलं. सुरुवातीच्या मंडळींपैकी नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेलं कुणी फारसं नव्हतं. चर्चमधलं गाणं, ओसरीवरच्या गोष्टी आणि गावात तळ ठोकून बसणारे प्रवचनकार, हीच शाळा. तिघे-चौघे नट एकच गोष्ट वाटून घेतात, एकमेकांच्या वाक्यात घुसतात, मध्येच गाणं उचलतात. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहून बोलतात, कारण प्रेक्षक ओळखीचे. ‘रेड फॉक्स’ तंबूत खेळताना प्रयोगानंतर लोक पुढे येऊन नातेवाइकांकडून ऐकलेले तपशील पुरवत, चुका दाखवत. नाटक लिहून झालेलं असलं तरी साक्ष चालूच असे.

डडली कॉक यांच्या दिग्दर्शनाच्या काळात या सवयीची पद्धत झाली. तिला कथावर्तुळ म्हणतात. तिची मुळं मिसिसिपीत १९६३ साली स्थापन झालेल्या, नागरी हक्क चळवळीतल्या फ्री सदर्न थिएटरमध्ये आहेत. प्रयोगानंतरच्या चर्चेत बोलघेवडेच बोलतात आणि वाद घालतात, हे पाहून जॉन ओ’नील यांनी चर्चा बाजूला सारली आणि गोष्ट मागितली. गोल करून बसायचं. मत नाही, स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगायचा. कुणाला मध्ये तोडायचं नाही. वेळ सगळ्यांना सारखा. पाळी आल्यावर गप्प राहायचं असेल तर तीही मोकळीक. सर्वांचं झाल्याखेरीज कुणी कुणाच्या गोष्टीवर बोलायचं नाही. सरपंच असो की शाळेतलं पोर, या गोलात दोघांची जागा एकच. ऐकायला सोपं वाटतं. बोलायची सवय असलेल्यांना सर्वांत अवघड जातं.

ओ’नील यांची न्यू ऑर्लिन्सची कृष्णवर्णीय मंडळी आणि रोडसाइडची गोरी डोंगरी मंडळी यांचा दोस्ताना १९८० च्या दशकात जमला. कू क्लक्स क्लानने पुन्हा डोकं वर काढलं होतं, त्यावर एकत्र काहीतरी करायचं होतं. त्यातून ‘जूनबग/जॅक’ उभं राहिलं. हे नाटक गावात बोलवायचं तर अट एकच: गावातल्या वेगवेगळ्या चर्चेसमधले काळे-गोरे गायक एकत्र करून समूहगायन बसवायचं. रविवारी शेजारशेजारच्या इमारतींत वेगळी बसणारी माणसं त्या निमित्ताने एका सुरात तालमी करू लागत. नाटकापेक्षा त्या तालमींनी जास्त काम केलं असावं. डोंगरात कृष्णवर्णीय होतेच आणि आहेतच. नॉक्सव्हिलची कार्पेटबॅग थिएटर ही त्यांची मंडळी अ‍ॅपलशॉपच्याच वर्षी, १९६९ मध्ये निघाली.

याच सुमारास वेस्ट व्हर्जिनियातल्या हिंटनजवळ मॅरियट ली नावाची बाई एकटीच एक प्रयोग करत होती. केंटकीची, लेखिका फ्लॅनरी ओ’कॉनरची पत्रमैत्रीण, १९५१ साली हार्लेमच्या रस्त्यावर ‘डोप!’ हे नाटक करून गाजलेली. न्यूयॉर्क सोडून ती शेतावर राहायला आली आणि १९७५ मध्ये तिने इकोथिएटर सुरू केलं. नट म्हणजे सरकारी उन्हाळी रोजगार योजनेत नाव घातलेली गावातली मुलं. रंगमंच म्हणजे ओढून नेता येणारी शेतगाडी. संहिता आसपासच्या माणसांच्या बोलण्यातून उतरवलेल्या. जवळच्या टॅलकॉटच्या बिग बेंड बोगद्याशी जॉन हेन्रीची दंतकथा जोडलेली. हातोड्याने वाफेच्या यंत्राला हरवून मेलेला हा कृष्णवर्णीय मजूर तिच्या नाटकाचा नायक झाला. माणूस रोजच्या जगण्यात सतत सोंग घेऊन वावरतो, रंगमंचावर ते उतरवायला शिकवायचं, हा तिचा ध्यास. प्रशिक्षित नटांवर तिचा विश्वास कमीच. १९८९ मध्ये ती वारली. रोडसाइडएवढं नाव तिला मिळालं नाही. मिळायला हवं होतं.

तिच्या जवळचं काम पुढे हार्लन काउंटीत दिसलं. हार्लन म्हणजे १९३० च्या दशकातले खाणमालक-कामगारांचे रक्तरंजित संघर्ष, १९७३-७४ चा ब्रुकसाइडचा संप आणि बार्बरा कॉपल यांचा ऑस्कर मिळवणारा माहितीपट. एकविसाव्या शतकात तिथली लढाई गोळ्यांशी होती. ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक १९९६ मध्ये बाजारात आलं आणि पाठी मोडलेल्या खाणकामगारांच्या मुलखात वेगाने पसरलं. बनवणाऱ्या कंपनीने व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ साली ज्या संघीय न्यायालयात कबूल केला ते अ‍ॅबिंग्डनचं, म्हणजे बार्टरच्याच गावातलं. त्याआधी २००५ मध्ये कंबरलँड गावच्या कम्युनिटी कॉलेजात ‘हायर ग्राउंड’ हे नाटक झालं. कॉलेजातले रॉबर्ट गाइप आणि गावकरी यांनी मुलाखती गोळा केल्या, टेनेसीच्या नाटककार जो कार्सन यांनी त्यांना नाटकाचं रूप दिलं, जेरार्ड स्ट्रॉपनिकी यांनी बसवलं. कामं करणारे विद्यार्थी, निवृत्त माणसं, चर्चची गायक मंडळी. ज्या विषयावर घराघरांत दारं लावून कुजबुज चाले त्यावर गाणी होती, चावट विनोद होते, आणि प्रेक्षकांत ज्यांच्यावर ते बेतले होते तेही बसलेले होते. पहिल्या नाटकावर थांबणं जमलं नाही. जमीन, खाण, गावात राहायचं की निघून जायचं, असे विषय घेऊन पुढे मालिकाच झाली.

खाणी आटल्या तशी या भागात आणखी एक इमारत उभी राहिली: तुरुंग. वाइज काउंटीत १९९८-९९ च्या सुमाराला रेड अनियन आणि वॉलन्स रिज हे कडक बंदोबस्ताचे दोन तुरुंग उघडले. कैदी मुख्यतः दूरच्या शहरांमधले, पुष्कळसे कृष्णवर्णीय. पहारेकरी डोंगरातले, पूर्वीच्या खाणकामगारांची मुलं. अ‍ॅपलशॉपचं डब्ल्यूएमएमटी हे छोटं रेडिओ केंद्र १९८५ पासून चालू होतं. त्यावरच्या हिपहॉपच्या कार्यक्रमाला कैद्यांची पत्रं येऊ लागली आणि मग त्यांच्या घरच्यांचे फोन. त्यातून ‘कॉल्स फ्रॉम होम’ हा कार्यक्रम घडला. आई, बायको, मुलं फोनवर निरोप ठेवतात आणि कोठडीतला माणूस तो रेडिओवर ऐकतो. भेटीला येणं शेकडो मैलांमुळे परवडत नाही, तिथे हाच दुवा. डोंगराच्या संस्कृतीचा जतनप्रकल्प म्हणून निघालेली संस्था शहरी कैद्यांचं व्यासपीठ झाली, याने काही जुन्या मंडळींना कोडं पडलं असेल. पण तुरुंगही आता डोंगराचाच भाग आहे.

२८ जुलै २०२२ ला पूर्व केंटकीत अतोनात पाऊस झाला. चाळीसहून अधिक माणसं दगावली. हिंडमन इथे लेखकांचं वार्षिक शिबिर चालू होतं, तिथेही ओढा आत आला. व्हाइट्सबर्गमध्ये केंटकी नदीचा उत्तर फाटा अ‍ॅपलशॉपच्या इमारतीत शिरला आणि अर्ध्या शतकाच्या फिल्म, टेपा, छायाचित्रं चिखलात गेली. शेजारपाजारचे, ज्यांची स्वतःची घरं धड नव्हती असेही, टेपांचे खोके उचलायला आले. चिखल वाळून कायमचा चिकटू नये म्हणून काही साठा गोठवून ठेवावा लागला, काही धुऊन वाळवला, बराचसा बाहेरच्या प्रयोगशाळांकडे रवाना झाला.